पन्नास अधिक पन्नास: समोरासमोरच्या टकरीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सारख्याच गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का ताशी १०० ने भिंतीवर आदळल्याइतका असतो का? विचारणाऱ्याचं उत्तर 'हो', त्यांच्या भावाचं 'नाही', आणि वाद काही मिटत नाही. सोबत दोन उपप्रश्नही आहेत. ट्रक आणि कारच्या टकरीत न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवर सारखंच बल येत असेल, तर चेंदामेंदा कारचाच का होतो? आणि गाडी हळू, म्हणजे तीसच्या आसपास चालली असेल, तर लहान मुलाला मांडीवर घट्ट धरून बसलेलं चालतं का?

पहिल्या प्रश्नात भाऊ बरोबर आहे. पण तुम्ही अगदीच चुकलात असंही नाही, आणि तुमचा शंभरचा आकडा एका ठिकाणी खराही ठरतो. त्याकडे येतोच.

मी बावीस वर्षं गाड्यांच्या धडक-चाचण्यांचं काम करतो आहे. आमच्याकडे नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक इंजिनिअर हा प्रश्न चुकवतो. समीकरणं सगळ्यांना पाठ असतात, तरी चुकवतो. म्हणून मी त्यांना आधी समीकरण लिहूच देत नाही. मी एक कागद धरायला सांगतो.

समजा, दोन गाड्या जिथे एकमेकींना भिडणार आहेत, नेमक्या त्या जागी मध्ये एक पातळ कागद उभा टांगला आहे. गाड्या सारख्या, वेग सारखे, दिशा विरुद्ध. टक्कर होते तेव्हा कागद कुठे सरकेल? डावीकडे सरकायला जेवढं कारण आहे, तेवढंच उजवीकडे सरकायला आहे. म्हणजे तो जागचा हलणार नाही. आता फक्त डावीकडच्या गाडीकडे बघा. तिचं नाक कागदाशी थांबलं, कागदाच्या पलीकडे गेलं नाही आणि मागेही ढकललं गेलं नाही. कागदाऐवजी तिथे पक्की काँक्रीटची भिंत असती, तर त्या गाडीला काय वेगळं जाणवलं असतं? काहीच नाही. ताशी ५० ने सारख्या गाडीवर आदळणं म्हणजे ताशी ५० ने भिंतीवर आदळणं.

ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो. ५० च्या वेगाला एका गाडीची गतिज ऊर्जा एक वाटा धरू. समोरासमोरच्या टकरीत दोन वाटे खर्च होतात, पण ते पचवायला पत्र्याची नाकंही दोन असतात, एकेकीच्या वाट्याला एक. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे शंभरने भिंतीवर गेलेल्या गाडीला चारही वाटे एकटीला पचवावे लागतात. भिंत त्यातलं काहीच घेत नाही.

मग शंभर आले कुठून? दोन गाड्यांचा एकमेकींच्या सापेक्ष वेग खरंच १०० आहे, त्यात चूक नाही. तुम्ही एका गाडीत बसून बघितलंत तर तुमची गाडी उभी आहे आणि समोरची शंभरने अंगावर येते आहे. घसरायला होतं ते पुढच्या पायरीवर. उभी गाडी म्हणजे भिंत नव्हे. तिला धक्का बसला की ती मागे ढकलली जाते. शंभरने आलेली गाडी उभ्या सारख्या गाडीला भिडली आणि दोघी एकमेकींत रुतल्या, तर पुढे दोघी मिळून पन्नासने सरकतात. एकीचा वेग पन्नासने घटला, दुसरीचा पन्नासने वाढला. म्हणजे तुमच्या खुर्चीतून बघूनही उत्तर पन्नासच आलं. ऊर्जा मोजा: आधी चार वाटे होते, दोघी पन्नासने सरकत असताना दोन उरले, पत्र्यात दोन गेले. रस्त्याकडेला उभं राहून मोजलं तेव्हाही दोनच गेले होते.

बघणाऱ्याची जागा बदलून टक्कर सोडवायची ही युक्ती डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सची, १६५० च्या दशकातली. त्याआधी १६४४ मध्ये प्रसिद्ध फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने टकरींचे सात नियम छापले होते. त्यातला एक असा, की लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळली तरी मोठीला हलवू शकत नाही. साफ चूक, पण माणूस देकार्त असल्यामुळे बोलायची सोय नव्हती. हायगेन्सने काठाला समांतर चाललेली एक नाव कल्पिली. नावेतला माणूस दोन गोळे दोऱ्यांना टांगून एकमेकांवर आपटतो, आणि काठावरचा माणूस तीच टक्कर जमिनीवरून बघतो. नावेतल्याला दोन्ही गोळे सारख्या वेगाने भिडताना दिसतात, तर काठावरच्याला त्यातला एक स्थिर दिसतो. टक्कर मात्र एकच, म्हणून एकाचं उत्तर ठाऊक असेल तर दुसऱ्याचं आपोआप मिळतं. हायगेन्सच्या पुस्तकातल्या चित्रात नावेतल्या आणि काठावरच्या माणसाचे हात एकमेकांना भिडलेले आहेत, दोघांनी मिळून त्याच दोऱ्या धरल्या आहेत. तो ग्रंथ छापून आला १७०३ मध्ये, हायगेन्स जाऊन आठ वर्षं झाल्यावर. मला यांत्रिकीतलं सगळ्यात आवडतं चित्र विचाराल तर हेच.

घरी बघायचं असेल तर गुळगुळीत टेबलावर दोन सारखी नाणी घ्या. एक स्थिर ठेवा, दुसरं बोटाने टिचकी मारून सरळ त्याच्यावर सोडा. नेम बरोबर बसला तर आलेलं नाणं जवळजवळ जागीच थांबतं आणि दुसरं निघून जातं. वेगाची अदलाबदल होते. आता लहान नाण्याने मोठ्याला मारा. लहान मागे उसळतं, पण मोठंही थोडं सरकतं. देकार्तने एवढं जरी करून बघितलं असतं!

आता ट्रक. तिसरा नियम शंभर टक्के बरोबर आहे: ट्रक कारला जेवढ्या बलाने ढकलतो, तेवढ्याच बलाने कार ट्रकला ढकलते, क्षणाक्षणाला. पण आतल्या माणसाला बल कळत नाही, त्याला वेगात झालेला बदल कळतो. दहा टनांचा ट्रक आणि एक टनाची कार, दोन्ही ताशी ५० ने समोरासमोर आली. एकमेकांत रुतल्यावर दोन्ही मिळून, ट्रक जात होता त्याच दिशेने, सुमारे ४१ ने सरकतील. (५०० − ५०) भागिले ११, करून बघा. ट्रकचा वेग ५० वरून ४१ झाला, फरक ९. कारचा वेग पुढच्या दिशेने ५० होता, तो मागच्या दिशेने ४१ झाला. फरक ९१! बल सारखं, पण वस्तुमान एक दशांश, म्हणून वेगातला बदल दहापट. ट्रक ड्रायव्हरला जोरात ब्रेक लागल्यासारखं वाटतं, आणि कारवाल्यासाठी ती ९१ च्या वेगाने भिंतीवर बसलेली धडक असते. समोरचं वाहन जितकं जड, तितका हा आकडा शंभरच्या जवळ सरकत जातो. तुमचा शंभर खरा ठरतो तो इथे, सारख्या गाड्यांच्या टकरीत नाही. त्यात ट्रकची चासी उंचावर असते, म्हणून कारच्या नाकातले जे मजबूत दांडे दबायला ठेवलेले असतात ते बऱ्याचदा चासीला लागतच नाहीत, आणि धडक थेट काचेच्या पातळीवर येते. हा भाग समीकरणात दिसत नाही.

जड आणि हलक्याचा हा खेळ बघायला मजा येते तो चेंडूंवर. मोठ्या रबरी चेंडूच्या डोक्यावर छोटा चेंडू ठेवा आणि दोन्ही एकत्र खाली सोडा. मोठा जमिनीवर आपटून v वेगाने वर निघतो, तेव्हा छोटा अजून v ने खालीच येत असतो. मोठ्याच्या नजरेने छोटा 2v ने अंगावर आला, म्हणून 2v ने परत जायला हवा. जमिनीवरून बघणाऱ्याला त्यात मोठ्याचा v मिळवायचा, म्हणजे 3v. उंची वेगाच्या वर्गावर ठरते, तेव्हा आदर्श चेंडू असतील तर छोटा नऊपट उंच जायला हवा. प्रत्यक्षात रबर ऊर्जा खातं, त्यामुळे नऊपट कधीच जात नाही, पण छतापर्यंत सहज जातो. दिव्याखाली करू नका. व्हॉयेजर २ या अंतराळयानाने १९७९ मध्ये गुरूजवळून जाताना असाच वेग उचलला होता. तिथे स्पर्श नव्हता, गुरुत्वाकर्षण होतं, हिशेब मात्र हाच.

आता धक्का मोजायचा कसा, ते सांगतो. आम्ही रोज वापरतो ती पद्धत इतकी सोपी आहे की ती पुस्तकात ठळक का छापत नाहीत हे मला कळलेलं नाही. कुठलाही वेग घ्या आणि तेवढा वेग यायला किती उंचीवरून पडावं लागेल ते काढा. मग त्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा. आलेला आकडा म्हणजे अंगावर आलेला सरासरी भार, स्वतःच्या वजनाच्या पटीत. आम्ही त्याला 'इतके जी' म्हणतो. ताशी ५० हा वेग ९.८ मीटरवरून, म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून पडल्यावर येतो. गाडीचं नाक धडकेत ६० सेंटीमीटर दबलं, तर ९.८ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १६ जी. साठ किलोच्या माणसाच्या बेल्टवर साधारण हजार किलोचा भार. भयंकर वाटतं, पण पट्टा छाती आणि कमरेच्या हाडांवर नीट बसलेला असेल तर माणूस यातून चालत बाहेर येऊ शकतो.

बेल्ट नसेल तर? गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो पन्नासनेच पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर पोचतो तेव्हा गाडीचं दबणं संपत आलेलं असतं. आता त्याला थांबायला उरतात डॅशबोर्डचे आणि त्याच्या स्वतःच्या शरीराचे मिळून जेमतेम पाच सेंटीमीटर. ९.८ भागिले ०.०५: जवळपास दोनशे जी. वेग तोच, गाडी तीच, धक्का बारापट. मागच्या सीटवरच्यांना वाटतं आपल्यापुढे मऊ सीट आहे. त्या सीटमध्ये पुढचा माणूस बसलेला असतो हे विसरायला होतं.

चाचणीत हे सगळं बघताना पहिल्यांदा जाणवतं ते म्हणजे काही बघताच येत नाही. हॉलमध्ये डोळे दिपवणारे दिवे लावलेले असतात, कारण कॅमेरे सेकंदाला हजार चित्रं घेतात. गाडी दोरीने ओढली जाते, जवळजवळ आवाज न करता येते. मग एक दणका, आणि काचेचे तुकडे जमिनीवर पसरताना ऐकू येतात. संपलं. पहिल्या वेळी मी नेमकी पापणी लववली होती आणि मला फक्त 'आधी' आणि 'नंतर' दिसलं. खरी टक्कर एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात होते. फिल्म सावकाश फिरवली की दिसतं: बंपर टेकल्यावर साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत एअरबॅग सुटते, त्याच सुमाराला बेल्टमधला प्रीटेन्शनर पट्ट्याचा ढिलेपणा ओढून घेतो, म्हणजे माणूस गाडीसोबत लवकर थांबायला लागतो आणि थांबायला त्याला जास्त अंतर मिळतं. डमी, म्हणजे माणसाऐवजी बसवलेला पुतळा, अजून सरळच बसलेला असतो. पन्नासाव्या मिलिसेकंदाच्या आसपास त्याचं डोकं फुगलेल्या पिशवीत जातं. डमीच्या चेहऱ्यावर आधी रंग फासलेला असतो, कपाळाला एक, हनुवटीला दुसरा. नंतर आम्ही पिशवी उलगडून कुठला रंग कुठे उमटला ते बघतो. रंग पिशवीऐवजी स्टिअरिंगच्या कडेला सापडला की त्या दिवशी कुणी फारसं बोलत नाही.

माणूस किती जी सहन करतो, याचं एक टोकाचं उदाहरण अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांचं. १९५४ च्या डिसेंबरात ते रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतः बसले, ताशी सुमारे १०१७ किलोमीटरला पोचले आणि १.४ सेकंदांत थांबले. त्यांच्यावर कमाल ४६ जी आले. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासं झालं, पण ते जगले, आणि पुढे गाड्यांत बेल्ट यावेत म्हणून आयुष्यभर भांडले. हजाराच्या वेगाने त्यांना मारलं नाही, कारण थांबायला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ मिळाला आणि पट्टे घट्ट होते.

इथेच 'जुन्या गाड्या दणकट असायच्या, आताचा पत्रा हाताने दबतो' या तक्रारीचंही उत्तर आहे. नाक दबायलाच हवं, कारण ते दबतं तेवढंच तुमचं थांबण्याचं अंतर. दणकट असायला हवा तो मधला पिंजरा, जिथे माणसं बसतात. पुढचा-मागचा भाग मऊ आणि मधला कडक ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची, आणि ती धरून बनवलेली गाडी १९५९ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलीन यांचा तीन टोकांचा बेल्टही आला. योगायोग असा, की २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका विमा-सुरक्षा संस्थेने १९५९ चीच एक भारदस्त शेवरोले बेल एअर एका नव्या शेवरोले मालिबूवर समोरासमोर आदळवली, दोन्ही ताशी ६४ ने. जुनीत ड्रायव्हरची जागाच चेपली गेली, तर नवीतला पिंजरा शाबूत राहिला. जुनी गाडी ही दोन मजली बंगल्यासारखी दिसायची हे मान्य, पण आतला माणूस हाच तिचा सगळ्यात मऊ भाग होता.

हेल्मेटचंही हेच गणित. पावणेदोन मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर आलं, हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा थर दोन सेंटीमीटर दबला, तर १.७५ भागिले ०.०२, म्हणजे जवळपास ९० जी. थर नसेल तर त्वचा आणि हाडाचे दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे जवळपास सहाशे किंवा त्याच्याही पुढे. तो थर एकदा दबला की परत फुगत नाही, बाहेरून टरफल चकचकीत दिसलं तरी. पडलेलं हेल्मेट बदला.

मांडीवरच्या मुलाचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि सहज विचारलात, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताशी ३० म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं. या वेगाला नाक कमी दबतं, समजा ३० सेंटीमीटर. भागाकार करा: सुमारे १२ जी. दहा किलोचं मूल त्या क्षणी हातांना १२० किलोचं होतं, आणि तेही काही सूचना न देता, पापणी लवायच्या आत. तुम्ही कितीही ताकदवान असा, १२० किलोचं पोतं एकाएकी छातीपासून पुढे ओढलं गेलं तर हात सुटणारच. तुम्ही स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर प्रकार आणखी वाईट, कारण तेव्हा मूल डॅशबोर्ड आणि तुमचं शरीर यांच्यामध्ये येतं. एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळलं तरी तेच होतं. 'घट्ट धरलं होतं' असं सांगणारे आईवडील खोटं बोलत नसतात. त्यांनी खरंच धरलेलं असतं. मुलाला त्याच्या मापाची वेगळी सीट हवी, मागच्या बाजूला, हळू जात असलात तरीही.

'हळू' या शब्दाबद्दल मात्र एक हिशेब जोडतो, कारण पन्नास आणि साठमध्ये काय मोठासा फरक, असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. कोरडा रस्ता, घर्षण गुणांक (टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा) ०.७, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. पन्नासची गाडी त्या एका सेकंदात १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर. २८ मीटरवर कुणी आडवं आलेलं असेल तर ती त्याच्यापाशी येऊन थांबते. साठची गाडी त्या सेकंदातच जवळजवळ १७ मीटर संपवते, म्हणजे ब्रेकसाठी तिला ११ उरतात. ११ मीटरमध्ये ती थांबत नाही. जिथे पन्नासची गाडी उभी राहिली, तिथून साठची गाडी अजून ताशी ४० च्या वेगाने जात असते. ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटर उंची, दोन मजले. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे दबायला नाक नसतं.